रोज तीच मावशी

तान्ह्या मुलांच्या खोलीत पाऊल टाकताच कानांवर पडते ते रडणे. एकाने सूर लावला की दुसरे त्याला साथ देते आणि सांभाळणाऱ्या बायांची तारांबळ उडते. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथील शिशुगृहांत विसाव्या शतकाच्या अखेरीस गेलेल्या अमेरिकी संशोधकांना मात्र सर्वप्रथम जाणवली ती शांतता. पाळण्यांच्या रांगा होत्या, पाळण्यांत बाळे होती, ती जागीही होती. पण रडत कोणीच नव्हते. बाळ रडते ते कोणी तरी येईल या भरवशावर. रडूनही कोणी येत नाही, हे ज्या बाळाला काही महिन्यांत कळून चुकते, ते रडण्याचे कष्ट घेईनासे होते. अशा खोलीला धावती भेट देणाऱ्या पाहुण्याला ही मुले फार गुणी वाटतात. बालविकासाच्या अभ्यासकाला तीच शांतता भेडसावते.

अनाथाश्रमाला मदत करण्याची रीत महाराष्ट्रातील शहरांना नवी नाही. मुलीचा वाढदिवस, वडिलांचे श्राद्ध, लग्नाचा रौप्यमहोत्सव, दिवाळी अशा निमित्ताने संस्थेत जेवण दिले जाते, खाऊ वाटला जातो, कपडे आणि खेळणी दिली जातात. संस्था चालविणाऱ्यांना या मदतीचे मोल ठाऊक असते. अनुदान लांबलेल्या महिन्यात दुधाचे आणि औषधांचे बिल याच पैशांतून भागते, तेव्हा या दातृत्वाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तीन वर्षांखालील मुलांचा प्रश्न निराळा आहे. दहा महिन्यांच्या बाळाला जिलेबी कोणी आणली याच्याशी कर्तव्य नसते. आपल्याला उचलून घेणारे माणूस कालचेच आहे की आज पुन्हा नवे, याच्याशी मात्र त्याचा फार जवळचा संबंध असतो. लहानग्यांसाठी काही करू पाहणाऱ्या स्वयंसेवकाने सर्वांत आधी समजून घ्यावी अशी ही गोष्ट आहे, आणि गेल्या ऐंशी वर्षांत जगभर झालेल्या प्रयोगांनी ती पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे.

त्यातला पहिला गाजलेला अभ्यास रेने स्पिट्झ या ऑस्ट्रियात जन्मलेल्या वैद्यकतज्ज्ञाचा. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या बाळांची तुलना केली. एक होते स्त्रियांच्या तुरुंगातील पाळणाघर. तेथे कैदी मातांना आपापल्या मुलांचे सर्व काही स्वतः करण्याची मुभा होती. दुसरे होते टाकून दिलेल्या मुलांचे अनाथालय. तेथे स्वच्छता चोख, आहार योग्य, डॉक्टरांची फेरी नियमित. फक्त एका परिचारिकेकडे सुमारे आठ बाळे. जंतुसंसर्गाच्या भीतीने पाळण्यांभोवती पडदेही लावलेले असत, त्यामुळे बाळाला दिसायचे ते फक्त छत. तुरुंगातली मुले हसत-खेळत वाढत होती. अनाथालयातील ९१ मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुले दोन वर्षांत दगावली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना बोलणे, चालणे, स्वतःच्या हाताने खाणे वेळेवर जमले नाही. स्पिट्झ यांच्या अभ्यासपद्धतीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पण आईच्या हाताला केवळ निर्जंतुक बाटली हा पर्याय होऊ शकत नाही, हे त्यानंतर कोणी नाकारले नाही.

त्याही आधीची, अमेरिकेतील आयोवा राज्यातली कहाणी अधिक विलक्षण आहे. १९३० च्या दशकात हॅरॉल्ड स्कील्स हे मानसशास्त्रज्ञ तेथील सरकारी अनाथाश्रमातील मुलांची तपासणी करीत. दीड वर्षाच्या आतल्या दोन मुली त्यांना इतक्या मागे पडलेल्या दिसल्या की त्या जन्मतः मतिमंद असाव्यात असे ठरले आणि जागेअभावी त्यांची रवानगी मतिमंद स्त्रियांच्या निवासगृहात झाली. काही महिन्यांनी स्कील्स तेथे गेले तेव्हा त्याच मुली धावत, हसत, बडबडत होत्या. झाले होते ते एवढेच, की तेथील एकेका स्त्रीने एकेका मुलीला आपली मानले होते आणि बाकीच्या बायका मावशा-आत्यांच्या हौसेने त्यांच्याभोवती जमत होत्या. स्कील्स यांनी मग तीन वर्षांखालील एकूण १३ मुलांना असे पाठविले. या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक २७ हून अधिक गुणांनी वाढला. अनाथाश्रमातच राहिलेल्या १२ मुलांचा सुमारे २६ गुणांनी घसरला, आणि ही मुले सुरुवातीला अधिक हुशार गणली गेली होती. स्कील्स यांनी १९६६ साली पुन्हा सर्वांचा माग काढला. तेव्हा पहिल्या गटातील सर्व १३ जण स्वतःच्या पायांवर उभे होते. दुसऱ्या गटातील काहीजण अजून संस्थांमध्येच दिवस काढीत होते. ज्या स्त्रियांना समाजाने काहीही करण्यास असमर्थ ठरविले होते, त्यांच्या हातून हे काम झाले. त्यांच्याजवळ प्रशिक्षण नव्हते, खेळण्यांचा संग्रह नव्हता. वेळ मात्र होता आणि मूल ठरलेले होते.

मूल ठरलेले असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी शिशुगृहातला एक दिवस बाळाच्या बाजूने पाहावा लागतो. सकाळच्या पाळीची मावशी न्हाऊ घालते, दुपारची भरविते, रात्रीची थोपटते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी चौथी येते. महिन्याभराने कोणी काम सोडते आणि पाचवी येते. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील शिशुगृहांचा अभ्यास करणाऱ्या रशियन-अमेरिकी पथकाने मोजले तेव्हा असे आढळले, की आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत एकेका मुलाला साठ ते शंभर निरनिराळ्या व्यक्तींनी सांभाळलेले असते. या व्यक्ती निर्दय असतात असे नव्हे. ब्रिटनमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ साली एका सतरा महिन्यांच्या मुलावर माहितीपट केला. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात, म्हणून हा मुलगा नऊ दिवस निवासी पाळणाघरात राहिला. तेथील तरुण परिचारिका हसतमुख आणि मायाळू होत्या. मुलगा त्यांच्यापैकी एकीला धरून राहण्याचा प्रयत्न करी, तोवर तिची पाळी संपे. मग तो दुसरीकडे वळे. शेवटी त्याने माणसांचा नाद सोडला आणि एका मोठ्या कापडी अस्वलाला बिलगून बसू लागला. नवव्या दिवशी आई आली, तेव्हा त्याने तिच्याकडेही पाठ फिरविली. घरी आई असलेल्या मुलाची नऊ दिवसांत ही अवस्था होते, तर ज्याने पाळीवाचून दुसरे काही पाहिलेच नाही त्याचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

सेंट पीटर्सबर्गच्या पथकाने यावर जे उपाय केले त्यांत खर्चिक असे फारसे नव्हते. मुलांचे गट लहान केले, पाळ्या अशा लावल्या की प्रत्येक गटाकडे तीच ती माणसे राहतील, मुलांना एका गटातून दुसऱ्यात हलविणे थांबविले आणि बायांना मुलांशी बोलत-खेळत काम करण्याचे शिक्षण दिले. वाढ, चालणे-बोलणे, भावनिक ओढ या सर्वच बाबतींत मुलांत लक्षणीय फरक पडला. हंगेरीतील बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी तर १९४६ सालीच, युद्धाने अनाथ केलेल्या मुलांसाठी बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर काढलेल्या शिशुगृहात, हीच दिशा धरली होती. न्हाऊ घालणे, भरविणे, लंगोट बदलणे ही उरकून टाकण्याची कामे नसून बाळाला एका माणसाचे अखंड लक्ष मिळण्याच्या दिवसातल्या त्याच खऱ्या वेळा होत, असे त्यांचे म्हणणे. बाळाला उचलण्यापूर्वी 'आता तुला उचलते हं' असे सांगावे, झबले घालताना हात ओढू नये, त्याने पुढे करण्याची वाट पाहावी, असा तेथला दंडक होता. ते निवासी शिशुगृह २०११ साली बंद झाले, पण त्या पद्धतीचे शिक्षण घेण्यासाठी पाळणाघर चालविणारे लोक देशोदेशींहून बुडापेस्टला जात राहिले.

स्वयंसेवकांनी नेमके कुठे उभे राहावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वांत स्वच्छ मिळते ते चीनमध्ये झालेल्या कामातून. जेनी बोवेन या अमेरिकी पटकथालेखिका व चित्रपट-दिग्दर्शिका. त्यांनी १९९७ साली चीनमधील एका अनाथालयातून सुमारे दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. ती आजारी आणि अलिप्त होती. वर्षभरात ती इतर मुलांसारखी खेळू-खिदळू लागली. एका मुलीच्या बाबतीत घरच्या मायेने हे घडते, तर मागे राहिलेल्या मुलींना ती माया तेथेच का पोहोचवू नये, या विचारातून १९९८ साली 'हाफ द स्काय' ही संस्था उभी राहिली. स्त्रिया अर्धे आकाश पेलतात, या प्रसिद्ध चिनी वचनावरून हे नाव घेतलेले. एक अपत्य धोरणाच्या त्या काळात अनाथालयांतील निरोगी मुलांत मुलींचीच संख्या फार मोठी होती.

२००० साली हेफेई आणि चांगझोऊ या दोन शहरांत पहिली केंद्रे सुरू झाली. परदेशांतून, मुख्यतः चिनी मुली दत्तक घेतलेल्या कुटुंबांतून, स्वयंसेवक आपल्या खर्चाने येत. त्यांचे काम काय होते? भिंती रंगविणे, फरशीवर मऊ अंथरणे घालणे, कपाटे व बुटकी टेबले जुळविणे, पाळण्यांची खोली खेळण्याची खोली करणे. काही दिवसांत ते उरकून हे लोक आपापल्या देशी परत जात. बाळांना घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपविलेले नव्हते. त्यासाठी संस्थेने त्याच गावातील स्त्रियांना पगारावर नेमले. सरकारी कारखाने बंद पडल्याने रोजगार गेलेल्या अनेकजणी त्यांत होत्या. प्रत्येकीकडे मोजकी बाळे, आणि रोज तीच. बाळाला मांडीवर घेणे, त्याच्या हुंकाराला उत्तर देणे, जमिनीवर सोडून त्याच्यासोबत रांगणे हेच त्यांचे काम. धुणे-पुसणे आणि स्वयंपाक अनाथालयाचे नेहमीचे कर्मचारी पाहात. अनाथालयांच्या संचालकांना प्रथम हे सारे चैनीचे वाटले. खायला-प्यायला घातलेले मूल मांडीवर घेऊन बसण्यासाठी पगार कशाला, असा प्रश्न कोणत्याही काटकसरी कारभाऱ्याला पडेलच. पण मुले बदलताना दिसू लागली तशी मागणी वाढली. पुढे चीन सरकारने या संस्थेला सहकारी मानले आणि २०११ पासून देशभरातील बालकल्याण कर्मचाऱ्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. संस्थेने नंतर 'वनस्काय' हे नाव घेतले.

दुरून आलेल्याने भिंत रंगवावी आणि जवळ राहणाऱ्याने बाळ घ्यावे, ही त्यातली वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे ती बहुधा उलटी होते. रविवारी दोन तासांसाठी आलेला गट बाळांना कडेवर घेऊन हिंडतो आणि रोजची मावशी त्या वेळात मोरीवर बाटल्या घासत असते.

भारतात या विषयावर फार संशोधन झालेले नाही. जे झाले त्यात दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांचा एक छोटा अभ्यास आवर्जून नोंदविण्यासारखा आहे. डॉ. विनीता तनेजा, डॉ. जेकब पुलियेल आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतील एका अनाथालयात सहा महिने ते अडीच वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज दीड तासाचे आखीव खेळसत्र सुरू केले. आहार तोच, इमारत तीच. तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप केले तेव्हा मुलांच्या हालचाली, आकलन आणि सामाजिक वागणे या तिन्हींत ठळक सुधारणा दिसली. २००२ साली तो 'केवळ भाकरीने नव्हे' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता, मुले अवघी तीस, पण त्यासाठी लागलेली सामग्रीही तेवढीच लहान होती. अशा मोजमापासाठी भारतात जी श्रेणी वापरली जाते, ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून तयार केली. भारतीय बाळ कधी मान धरते, कधी बसते, कधी टाळ्या पिटते, हे परदेशी कोष्टकांवरून ठरवू नये, असा आग्रह त्यामागे होता.

महाराष्ट्राची या क्षेत्रातील परंपरा तर दीडशे वर्षांहून जुनी. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे, अशा आशयाचे जाहीर आवाहन त्यांनी केले. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी स्वतः दत्तक घेतले. पुढे डॉक्टर झालेला यशवंत १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत होता. आज ज्याला स्वयंसेवा म्हणतात तिचा विचार करताना एक तपशील विसरू नये, तो असा की त्या घरातल्या मुलांचे करणाऱ्या सावित्रीबाई रोज त्याच होत्या. पंढरपूर येथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थना समाजाच्या आधाराने असेच गृह सुरू झाले. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. पुण्यातील ससून रुग्णालयात १९६४ साली नागरिकांनी 'सोफोश' ही रुग्णालयाच्या मित्रांची संस्था स्थापन केली. मुळात गरीब रुग्णांना मदत करण्यासाठी जमलेले हे स्वयंसेवक रुग्णालयात सोडून दिलेल्या बाळांकडे वळले आणि त्यातून 'श्रीवत्स' हे शिशुगृह उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचे नेतृत्व केलेली लिसा स्थळेकर तेथूनच दत्तक गेली.

आजच्या कायद्याच्या भाषेत सहा वर्षांपर्यंतच्या निराधार मुलांना ठेवण्याचे ठिकाण म्हणजे 'विशेष दत्तक संस्था'. बालन्याय अधिनियम २०१५ नुसार आई-वडिलांनी मूल समितीसमोर सोडून दिल्यास त्यांना फेरविचारासाठी दोन महिने दिले जातात. बेवारस सापडलेल्या दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत बालकल्याण समितीने दत्तकासाठी मुक्त घोषित करावे, अशी तरतूद आहे. कागदोपत्री हा काळ थोडका दिसतो. प्रत्यक्षात तपास, अहवाल, वैद्यकीय चाचण्या, आदेश यांत महिने जातात. अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्या मुलाची वाट पाहणे वर्षांवर जाते. मूल मात्र या काळात थांबून राहात नाही. कोणाला आपले म्हणायचे हे बाळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ठरवू लागते, आणि त्या वेळी समोर कोणी नसेल तर ती जागा रिकामी राहते. शिशुगृहातील स्वयंसेवकाला खरे काम असते ते या मधल्या काळात.

चांगल्या शिशुगृहांत त्याचे स्वरूप बाहेरून अगदी साधे दिसते. आठवड्यातले ठरलेले दोन किंवा तीन दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली दोन-तीन मुले, आणि निदान वर्षभराचा शब्द. बाटली उशीला टेकवून बाळाच्या तोंडात ठेवण्याऐवजी त्याला मांडीवर घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहात दूध पाजणे. उशीला टेकविलेल्या बाटलीने ठसका लागण्याचा आणि कान फुटण्याचा धोका असतो, हा भाग वेगळाच. अंगाला तेल लावणे, पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, दुपट्यात गुंडाळून थोपटणे. सतत उताणे निजल्याने मागून चपटे झालेले डोके आणि मागे पडलेले बसणे हे शिशुगृहातील बाळांत नेहमी दिसते. म्हणून दिवसा पाळण्यातून काढून सतरंजीवर पालथे घालणे, पुढे खुळखुळा ठेवून सरकू देणे. वर्षाच्या मुलाशी पूर्ण वाक्यांत बोलणे, कारण संस्थेत त्याच्या कानांवर पडतात ते बहुधा एकशब्दी हुकूम: 'बस', 'खा', 'झोप'. काऊ-चिऊचा घास भरविणे. मोठ्या स्वयंपाकघरातून तयार वाटी समोर येत असल्याने भात शिजतो म्हणजे काय हे कित्येक मुलांनी पाहिलेले नसते. त्यांना रस्त्यावर नेणे, पाऊस, कुत्रा, भाजीवाला दाखविणे. सांभाळणाऱ्या सगळ्या बायाच असल्याने पुरुषाला, विशेषतः दाढीवाल्याला, बिचकणारी मुले असतात. उद्या दत्तक वडिलांच्या कडेवर जायचे असलेल्या अशा मुलाला नियमित येणाऱ्या एखाद्या निवृत्त आजोबांचा फार उपयोग होतो.

याहून महत्त्वाची, पण फारशी कोणाला न सुचणारी कामे दोन. एक म्हणजे रुग्णालयातली सोबत. शिशुगृहातील बाळ न्यूमोनियाने किंवा जुलाबांनी दाखल झाले की त्याच्या खाटेशी बसायला घरचे कोणी नसते, आणि मावशीला पाठवावे तर इकडची मुले उघडी पडतात. रात्री तेथे बसणारा ओळखीचा माणूस मिळाला तर ते बाळ निम्मे बरे होते, असे डॉक्टर सांगतात. दुसरे काम मावशीचे ओझे हलके करण्याचे. ही बाई बहुधा तुटपुंज्या पगारावर, लांबलचक पाळीत, एका वेळी पाच-सात मुलांचे करीत असते. दुपट्यांच्या घड्या, बाटल्या उकळणे, औषधांच्या नोंदी, नोंदवहीची प्रत हे स्वयंसेवकाने उचलले तर मावशीला खाली बसून बाळाला घेता येते. बाळाला घेण्याची हौस असलेल्या माणसाला हे पचायला जड जाते. तरी संस्थेच्या दृष्टीने हाच अधिक उपयोगी माणूस.

कारण हौसेची एक किंमत असते आणि ती मूल भरते. पाहुणे आत आले की दोन-तीन वर्षांची काही मुले धावत जाऊन कोणालाही मिठी मारतात, कोणाच्याही मांडीवर चढतात. पाहुण्यांना गहिवरून येते. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने हे मायेचे नव्हे, मायेच्या उपासमारीचे लक्षण आहे. घरात वाढलेले निरोगी मूल आठव्या-नवव्या महिन्यात अनोळखी माणूस पाहून रडते आणि आईच्या खांद्यात तोंड लपविते. ज्याला सगळेच सारखे, त्याला आपले असे कोणीच नसते. आठवडा-पंधरवडा येऊन लळा लावून निघून जाणारा स्वयंसेवक या जखमेत आणखी एकाची भर घालतो. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवावरून एड्सग्रस्त भागांतील अशा 'अनाथ-पर्यटना'वर कठोर टीका केली. काही देशांत तर परदेशी स्वयंसेवकांची गर्दी टिकविण्यासाठी आई-बाप हयात असलेली गरीब मुलेच अनाथालयांत आणून ठेवली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या अनाथालय-व्यापाराची दखल घेतली. आपल्या शहरांतील रविवारच्या गटांना या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. पण दर आठवड्याला नवे चेहरे पाठविण्याऐवजी त्याच चार माणसांनी वर्षभर जावे, एवढे त्यांनाही सहज करता येईल.

भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याबद्दलही सांगितले पाहिजे. कडेवरच्या बाळासोबत काढलेले छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे अनेकांना चांगल्या कामाचा प्रसार वाटतो. बालन्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असे छायाचित्र वा माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जी संस्था येणाऱ्याला दारातच कॅमेरा बाजूला ठेवायला सांगते, ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मागते, अंगात ताप असेल तर परत पाठविते, ती आखडू नसते. ती आपले काम नीट करीत असते. उलट, कोणालाही केव्हाही थेट पाळण्यापर्यंत जाऊ देणाऱ्या संस्थेची नोंदणी आहे की नाही, हे आधी विचारावे.

हे सारे करूनही स्वयंसेवकाच्या हाताला मर्यादा आहे, आणि ती बुखारेस्टमध्येच स्पष्टपणे मोजली गेली. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी २००० च्या सुमारास तेथील सहा शिशुगृहांतील अडीच वर्षांपर्यंतची १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्मी मुले खास तयार केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत पाठविण्यात आली. उरलेली पूर्वीप्रमाणे राहिली. कोणाला पाठविण्याचे नाकारणे योग्य होते का, यावर तेव्हाही वाद झाला. मात्र त्या वेळी शहरात प्रतिपालक कुटुंबे जवळपास नव्हतीच, आणि पुढे कोणा मुलासाठी घर मिळाल्यास अडवायचे नाही हे आधीच ठरलेले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कुटुंबात गेलेली मुले बुद्धीच्या वाढीत स्पष्टपणे पुढे होती, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा लाभ सर्वाधिक होता. उशिरा गेलेल्यांना तो तेवढा मिळाला नाही. रुमानियाने २००४ साली दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास कायद्याने मनाई केली.

म्हणून जाणत्या शिशुगृहांत स्वयंसेवक दोन टोकांनाही काम करतात. एका टोकाला मूल आत येऊच नये यासाठी. सोडून देण्यासाठी आलेल्या मातेला फेरविचाराच्या दोन महिन्यांत कोणी सोबत केली, तिच्यासाठी राहण्याची जागा शोधली, एकल पालकांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मिळणाऱ्या मासिक साहाय्याचा अर्ज भरून दिला, तर काहीजणी आपले बाळ घेऊन परत जातात. दुसऱ्या टोकाला मूल बाहेर पडताना. दत्तक पालक येतात तेव्हा ते मुलाच्या दृष्टीने परकेच असतात. पहिल्या भेटीत मावशी किंवा रोजची ताई शेजारी बसते, तिच्या मांडीवरूनच मूल त्यांच्याकडे हात पुढे करते. एका झटक्यात हाती सोपवून दार लावण्याची घाई केली जात नाही. जाताना फाइलसोबत एक साधा कागद दिला जातो. बाळ कोणत्या कुशीवर झोपते, दूध किती कोमट लागते, मऊ भातात वरणाचे पाणी चालते की ताक, कोणत्या बडबडगीताला हसते, पहिले पाऊल कोणत्या दिवशी टाकले आणि तेव्हा खोलीत कोण होते, हे त्यावर लिहिलेले असते. पिशवीत रोजचे दुपटेही ठेवतात. ते मुद्दाम धुतलेले नसते. नव्या घरातल्या पहिल्या रात्री बाळाला ओळखीचा वास यावा म्हणून.